जवळ यावे, की जरा लांबच बरे? : अनुबंधाचे मानसशास्त्र बडोद्यातून वाचताना

१९८५ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ‘रॉकी माउंटन न्यूज’ या दैनिकाने वाचकांसाठी प्रेमाबद्दलची एक प्रश्नावली छापली. तिच्यामागे सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर हे दोन मानसशास्त्रज्ञ होते. प्रेमात माणूस कसा वागतो याची तीन लहान वर्णने दिलेली होती. आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची आणि कात्रण पाठवून द्यायचे. तपासलेल्या पहिल्या ६२० उत्तरांत ५६ टक्के लोकांना जवळीक सहज जमत होती, २५ टक्क्यांना कुणी फार जवळ आले की अवघडल्यासारखे व्हायचे आणि १९ टक्क्यांना समोरचे माणूस सोडून जाईल अशी धास्ती होती. दोन वर्षांनी शोधनिबंध आला. आज बडोद्यातल्या फतेहगंजच्या चहाच्या लारीवर विद्यापीठातली एखादी मुलगी मैत्रिणीला सांगते, ‘अगं, तो अव्हॉइडंट आहे आणि मी अँक्शस, कसं जमणार?’ तेव्हा तिच्या बोलण्याचे मूळ त्या कात्रणापर्यंत जाते. मधल्या चाळीस वर्षांत काय झाले ते मात्र तिला कुणी सांगितलेले नसते, आणि या कल्पनेला सगळ्यात जास्त मुरड तेव्हाच पडली आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मोठ्या माणसांच्या नात्यांबद्दल या संशोधनातून जे निघाले त्यातले बरेचसे टिकणारे आहे. पण टिकते ते दोन माणसांमधल्या वागण्याबद्दलचे. एकट्या माणसाची जात ठरवायला ते फारसे उपयोगी नाही. बडोद्यासारख्या शहरात ते वाचायचे, तर नवराबायकोच्या आधी घराकडे आणि दोस्तांकडे बघावे लागते.

सुरुवात जॉन बोल्बीपासून करायला हवी. लंडनच्या सुखवस्तू घरातला हा मुलगा मिनी नावाच्या दाईच्या अंगाखांद्यावर वाढला. तो चारेक वर्षांचा असताना ती नोकरी सोडून गेली आणि पुढे लहान वयातच त्याची रवानगी बोर्डिंग शाळेत झाली. त्याच्या तरुणपणी मानसशास्त्रातले दोन्ही मोठे पंथ एका बाबतीत सहमत होते : बाळ आईला चिकटते ते दुधासाठी. बोल्बीला हे पटत नव्हते. आधाराच्या माणसाजवळ राहणे ही भुकेइतकीच स्वतंत्र गरज आहे, असे त्याचे म्हणणे. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला आणि १९६९, १९७३ व १९८० असे तीन खंड लिहून अनुबंधाचा, म्हणजे ‘अटॅचमेंट’चा, सिद्धान्त उभा केला.

त्याला प्रत्यक्ष निरीक्षणाचा पाया दिला मेरी एन्सवर्थ या बाईंनी. १९५४-५५ मध्ये त्या युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि बाळे पाहत होत्या. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबांचा वर्षभर अभ्यास केला आणि वीसेक मिनिटांची एक चाचणी बसवली. वर्षभराचे बाळ आणि आई अनोळखी खोलीत असतात, एक परकी बाई आत येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. बाळ किती रडले यापेक्षा आई परतल्यावर त्याने काय केले याकडे त्यांचे लक्ष होते. काही बाळे धावत येऊन बिलगत, शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही बिलगतही आणि लाथाही झाडत. काही आईकडे ढुंकूनही पाहत नसत. या न पाहणाऱ्या बाळांना पूर्वी ‘स्वतंत्र’ म्हटले गेले असते. पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तर आत धडधड चाललेलीच होती. ‘टाळणारा’ हा शब्द ज्यांना रागाने वापरायचा असेल त्यांनी हे मोजमाप विसरू नये.

बाळावरून मोठ्या माणसावर उडी मारताना रस्ता दुभंगला. एकीकडे मेरी मेन आणि त्यांचे सहकारी १९८५ च्या सुमारास प्रौढांची तासाभराची मुलाखत घेऊ लागले. विषय लहानपणचा, पण लक्ष आठवणी खऱ्या की खोट्या याकडे नव्हते. माणूस त्या कशा सांगतो, गोष्टीचे धागे जुळतात का, हे पाहायचे. दुसरीकडे हॅझन-शेव्हर यांच्या वाटेने प्रश्नावल्या आल्या, आणि त्या आजच्या प्रियकराबद्दल किंवा नवऱ्याबद्दल विचारत. दोन्हींना नाव एकच, त्यामुळे दोन्ही एकच गोष्ट मोजतात असा सगळ्यांचा समज. २००७ साली रॉइसमन आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा दोन्हींतला सहसंबंध ०.०९ निघाला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आईबद्दल नीट, सुसंगत बोलणारा माणूस बायकोच्या बाबतीत धास्तावलेला असू शकतो, आणि उलटही. फोनवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीतून कुणी आपल्या बालपणाचा निष्कर्ष काढत असेल, तर त्या निष्कर्षाखाली जमीन नाही.

प्रश्नावल्याही बदलत गेल्या. १९९१ मध्ये बार्थोलोम्यू आणि हॉरोविट्झ यांनी तीनाचे चार प्रकार केले. १९९८ मध्ये ब्रेनन, क्लार्क आणि शेव्हर यांनी तोवरची सगळी मोजमापे एकत्र घुसळली, तेव्हा प्रकार विरघळले आणि दोन अक्ष उरले : सोडून जाण्याची धास्ती किती, आणि जवळीक टाळण्याची ओढ किती. ख्रिस फ्रेली यांनी नंतर तपासले, की या मोजमापांत माणसांचे नैसर्गिक गट खरोखर पडतात का. पडत नाहीत. हे रक्तदाबासारखे आहे : प्रत्येकाला असतो, कमीजास्त असतो, आणि रेघ कुठे ओढायची हे आपण ठरवतो. हा निष्कर्ष जुना झाला, तरी बाजारात मात्र चार खोक्यांचीच चलती आहे. खोक्याला नाव देता येते, अक्षाला देता येत नाही, म्हणून असेल.

दोघांच्या नात्यात हे अक्ष कसे काम करतात याचा मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग १९९२ चा आहे. सिम्प्सन, ऱ्होल्स आणि नेलिगन यांनी ८३ जोड्या बोलावल्या. मुलीला सांगितले, की आता तुम्हाला अशा अनुभवातून जायचे आहे ज्याची बहुतेकांना भीती वाटते, आणि एक अंधारी, यंत्रांनी भरलेली खोली दाखवली. मग ‘तयारी व्हायची आहे’ म्हणून तिला तिच्या मित्राबरोबर पाच मिनिटे बसवले. खरा प्रयोग त्या पाच मिनिटांचाच होता. जवळीक जमणाऱ्या मुली जितक्या जास्त घाबरल्या तितक्या मित्राकडे वळल्या. टाळणाऱ्या मुली कमी घाबरलेल्या असताना बऱ्यापैकी बोलत होत्या, भीती वाढली तशा मिटत गेल्या. मुलांचेही तसेच : ती जितकी घाबरलेली, तितका सुरक्षित, म्हणजे जवळीक जमणारा, मुलगा जवळ सरकला आणि टाळणारा मागे. टाळण्याची सवय रोजच्या चहापाण्यात दिसतेच असे नाही, ती संकटात दिसते. लग्नाआधी सहा महिने बागेत भेटूनही माणूस कळला नाही अशी तक्रार करणाऱ्यांना यातून काही उमगेल.

दुसरा अभ्यास कर्कपॅट्रिक आणि डेव्हिस यांचा, १९९४ चा. त्यांच्या ३५४ जोड्यांत दोघेही धास्तावलेले किंवा दोघेही टाळणारे अशी एकही जोडी नव्हती. तीन वर्षांनी पाहिले तर टाळणारा पुरुष आणि धास्तावलेली स्त्री यांच्या जोड्या सुखी नव्हत्या, पण टिकून मात्र होत्या. कारण उघड आहे. त्याला वाटत असते की बायका मागे लागतात, आणि ती मागे लागते. तिला वाटत असते की पुरुष निसटतात, आणि तो निसटतो. दोघांचेही जगाबद्दलचे अंदाज रोज खरे ठरतात. पेपरात डोके घालून बसलेला नवरा आणि दारातून ‘अहो, मी काय विचारतेय?’ म्हणणारी बायको आपल्याकडे किती विनोदांत येऊन गेली असेल! विनोद चालतो तो ही जोडी मोडत नाही म्हणूनच.

मेंदूच्या बाजूने एकच उल्लेख पुरे. २००६ मध्ये जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये ठेवून हलका विजेचा झटका बसेल असे सांगितले. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची हालचाल कमी झाली, आणि संसार जितका चांगला तितकी जास्त कमी झाली. परक्याच्या हातानेही थोडा फरक पडला. नमुना लहान आहे, पण दिशा इतर अभ्यासांशी जुळणारी आहे.

हे सगळे अमेरिकेतले. आता बडोद्याकडे.

बाळांच्या मोजमापाच्या इतिहासात बडोद्याचे स्वतःचे पान आहे. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि गृहविज्ञान शाखेला त्यांनी जोर दिला. याच शहरात प्रमिला फाटक यांनी परदेशी कसोट्या भारतीय बाळांवर घासून पाहिल्या. त्यांच्या ‘बडोदा मानदंडां’वरून पुढे तयार झालेल्या कसोटीत शारीरिक हालचालींचे ६७ आणि मानसिक वाढीचे १६३ टप्पे आहेत, आणि देशभरातले बालरोगतज्ज्ञ ती वापरतात. मान कधी धरली, घंटेकडे कधी वळले, लपवलेली वस्तू कधी शोधली, हे सगळे तिच्यात आहे. बाळ कुणाच्या मांडीवर शांत होते, हा प्रश्न या मोजमापात बसणारा नव्हता.

आणि तोच प्रश्न इथे अवघड आहे. एन्सवर्थबाईंच्या खोलीत एक आई, एक बाळ, एक परकी बाई. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यात बाळ सकाळी आजीच्या मांडीवर, न्हाऊमाखू झाले की आत्याच्या कडेवर, दुपारी शेजारच्या बेनकडे. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायचे नाही आणि आईनेही फार लाड करायचे नाहीत, ही रीत कित्येक मराठी घरांत परवापरवापर्यंत होती. सुझन सेमूर यांनी १९६० च्या दशकापासून भुवनेश्वरमधल्या कुटुंबांत असेच अनेक हातांचे संगोपन पाहिले आणि त्यावर १९९९ मध्ये पुस्तक लिहिले. हायडी केलर या जर्मन संशोधिका बडोद्याच्या विद्यापीठातही शिकवून गेल्या आहेत. त्यांच्या गटाने गुजरातमधली खेडी, कॅमेरूनमधले न्सो लोक आणि जर्मन शहरे यांची तुलना केली. शहरी जर्मन आई बाळाला समोर धरून त्याच्याशी बोलते आणि खेळणे पुढे करते, खेड्यातली आई अंगाला लावून ठेवते. २०२१ च्या पुस्तकात केलर यांनी अनुबंधाच्या सिद्धान्ताला सरळ मिथक म्हटले : मध्यमवर्गीय पाश्चात्त्य घराचा नियम तुम्ही मनुष्यजातीचा नियम म्हणून विकलात, असा त्यांचा आरोप.

केलर यांचा राग मला अर्धाच पटतो. व्हान आयझेंडॉर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा देशादेशांत जितका फरक होता त्याच्या जवळजवळ दीडपट फरक एकाच देशातल्या गटागटांत निघाला. त्या आठांत भारत नव्हता, ही गोष्ट खरी. पण अनेक हातांनी वाढवले म्हणजे बाळ कुणाचेच राहत नाही, असेही नाही. इस्राएलमधल्या किबुत्झ वसाहतींचे उदाहरण बघा. तिथे दिवसा सगळीच मुले सामूहिक पाळणाघरात असत. रात्री आईबापांकडे झोपणाऱ्या बाळांत ८० टक्के सुरक्षित निघाली, रात्रीही पाळणाघरात झोपणाऱ्यांत ४८ टक्के. दिवसभराच्या चार हातांनी बिघडले नाही, रात्री दचकून जागे झाल्यावर ओळखीचे कुणी नसण्याने बिघडले. आपल्याकडे दिवस कितीही वाटून गेला, तरी रात्र आईच्या किंवा आजीच्या कुशीतच जाते. म्हणून इथल्या एकत्र कुटुंबातल्या मुलाला अनुबंध कमी पडतो असे म्हणायला मला आधार दिसत नाही. त्याला एकाऐवजी दोन-तीन माणसांची सवय लागते, आणि मोठेपणी त्याचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी उमटतो : लग्नात.

प्रौढांच्या प्रश्नावलीत एक विधान साधारण असे असते, की मनात खोलवर काय आहे ते जोडीदाराला दाखवायला मला आवडत नाही. आता असे घर डोळ्यांपुढे आणा जिथे पडद्यापलीकडे सासूसासरे झोपतात, जेवताना बायको शेवटी बसते आणि चारचौघांत तिला नावाने हाक मारायची नाही. त्या घरातला पुरुष या विधानापुढे ‘अगदी बरोबर’ अशी खूण करील आणि गणितात टाळणारा ठरेल. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या पुस्तकात याचे कारण सांगून ठेवले आहे : एकत्र कुटुंबाला नवराबायकोची घट्ट जवळीक धोक्याची वाटते, कारण ती मुलगा आणि आई, भाऊ आणि भाऊ या दोऱ्या सैल करते. टाळणे इथे घराची शिस्त असते. मग ती अंगवळणी पडते, आणि तोच मुलगा अलकापुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, आड यायला कुणी उरले नाही, तरी तोंड उघडत नाही. शिस्त कुठे संपली आणि स्वभाव कुठे सुरू झाला हे प्रश्नावलीला कळत नाही. बायकोला कळते, पण उशिरा.

बाईच्या बाजूने पाहिले तर लग्न ही एन्सवर्थबाईंची अनोळखी खोलीच असते, आणि आई परत येत नाही. पहिली काही वर्षे तिचा आधार नवरा असतोच असे नाही. एखादी समजूतदार जाऊ असते, धाकटी नणंद असते, माहेरचा फोन असतो. प्रेमी जोड्यांत पूर्ण अनुबंध जुळायला साधारण दोन वर्षे लागतात, असे हॅझन आणि झाइफमन यांच्या अभ्यासातून दिसते. ठरवून केलेल्या लग्नात हे मोजमाप मांडवात सुरू होते, आणि भारतात लग्नाचा निर्णय सर्वस्वी आपला होता असे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया पाहण्यांत जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास निघतात. ‘ठरवलेल्या लग्नात प्रेम हळूहळू वाढते’ याला पुरावा म्हणून १९८२ चा जयपूरचा अभ्यास सांगितला जातो. तो ५० जोडप्यांचा होता, आणि एकाच जोडप्याला वर्षानुवर्षे पाहिलेले नव्हते, वेगवेगळ्या मुदतीच्या जोडप्यांची तुलना होती. नंतरच्या अभ्यासांना दोन्ही प्रकारच्या लग्नांत ठळक फरक आढळला नाही. लग्न कुणी जमवले यापेक्षा, अडचणीत हाक मारली तर ओ मिळते का, याने पुढचे ठरते.

फ्रेली आणि शेव्हर यांनी १९९८ मध्ये विमानतळावर निरोप घेणाऱ्या जोडप्यांचे निरीक्षण केले होते : कोण बिलगते, कोण मान फिरवते. टाळणाऱ्या स्त्रिया निरोपाच्या वेळी लांब राहत होत्या. हाच अभ्यास बडोद्याच्या स्टेशनात करायला गेलात तर फलाटावर जोडपे सापडणारच नाही. सासू, दीर, दोन मावश्या, डबा, पाण्याची बाटली, आणि नवरा हमालाशी बोलतो आहे.

मैत्रीवर या शास्त्राने फार उशिरा लक्ष दिले, आणि मला वाटते सगळ्यात कामाचे तिथेच सापडले.

मिनेसोटातल्या एका दीर्घ अभ्यासात ७८ जणांना बाळपणापासून विशी ओलांडेपर्यंत पाहिले गेले. सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. वर्षाच्या वयातली सुरक्षितता थेट विशीतल्या प्रेमापर्यंत पोचत नाही, मध्ये पायऱ्या आहेत. सुरक्षित बाळ प्राथमिक शाळेत सवंगड्यांत बरे रमते, तिथे रमलेल्याला सोळाव्या वर्षी जिवाभावाचा मित्र असतो, आणि ज्याला असा मित्र असतो तो विशीत प्रेमात भांडला तरी तोल सांभाळतो. २०१३ मध्ये फ्रेली यांच्या गटाने दुसऱ्या, मोठ्या अमेरिकी नमुन्यावर पाहिले, तर तरुणपणीच्या अनुबंधाचा माग आईच्या वागण्याइतकाच, काही बाबतींत जास्तच, चांगल्या मैत्रीत लागत होता. आधाराचे माणूस म्हणून आईबापांची जागा एकदम प्रेयसी घेत नाही, मध्ये मित्र घेतो. आधी त्याच्या आसपास असावेसे वाटते, मग वाईट वाटले की त्याच्याकडे जावेसे वाटते.

इथे बडोद्याच्याच विद्यापीठातल्या टी. एस. सरस्वती यांचा १९९९ चा प्रश्न आठवतो : भारतात किशोरवय खरेच असते का, की मूल सरळ मोठे होते? त्यांच्या नंतर याच विद्यापीठातल्या शगुफा कपाडिया यांनी शहरी किशोरवयावर काम केले, २०१७ मध्ये पुस्तक लिहिले. पालकांच्या शब्दाबाहेर न जाता त्या शब्दाच्या आत स्वतःची जागा करून घेणारी मुले त्यात दिसतात. ही जागा बहुतेक वेळा मैत्रीतून मिळते. नवरात्रात नऊ रात्री गरब्याला ‘ग्रुपबरोबर’ जायला परवानगी असते, एकट्या मुलाबरोबर नसते. प्रेम जमते ग्रुपच्या आडोशाने, तुटते तेव्हा रडणे होते ग्रुपच्या खांद्यावर, आणि मराठी-गुजराती किंवा दुसऱ्या जातीत लग्न करायचे ठरले तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला लागणारे तीन साक्षीदारही बहुधा तिथूनच येतात.

मैत्रीत टाळणारा कसा ओळखावा? तो मित्र नसलेला माणूस नसतो. त्याचा मोठा गोतावळा असतो, क्रिकेट असते, पहाटे कमाटीबागेत फिरणे असते, रविवारची शेव-उसळ असते. पंधरा वर्षांचा दोस्त, पण याच्या घरात वडील आजारी आहेत हे त्याला तिसऱ्याकडून कळते. धास्तावलेला मित्र उलट : त्याला सगळे सांगायचे असते, आणि तुम्ही दुसऱ्याबरोबर सिनेमाला गेल्याचे त्याला लागते. मिकुलिन्सर आणि नॅखशॉन यांनी १९९१ मध्ये हे दाखवले, की टाळणारे मनातले कमी सांगतात. सुरक्षित माणसे सांगतात, पण समोरच्याने किती सांगितले ते पाहून. म्हणजे उघडे होण्यापेक्षा अंदाज घेता येणे महत्त्वाचे.

आपल्याकडे मैत्रीत आणखी एक गोष्ट मिसळते. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी मैसूर आणि अमेरिका यांची तुलना केली. मित्राची किंवा नातलगाची गरज छोटी असली तरी ती भागवणे हे कर्तव्य, असे मैसूरचे लोक सांगत. अमेरिकनांना ती बहुतांशी खुशीची गोष्ट वाटे. त्यामुळे इथे रात्री दोन वाजता सयाजी हॉस्पिटलच्या बाहेर उभा राहणारा मित्र मन मोकळे करण्याच्या बाबतीत अगदी कच्चा असू शकतो. प्रश्नावली त्याला टाळणारा म्हणेल, पेशंटच्या घरचे म्हणणार नाहीत. आधार देणे आणि मन उघडणे या दोन गोष्टी पाश्चात्त्य मोजमापांत एकमेकींना बांधलेल्या आहेत, इथे त्या सुट्या असू शकतात. या संशोधनावरची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

मात्र ज्याने ही तक्रार सौम्य केली तेही काम फ्रेली यांचेच. २०११ मध्ये त्यांनी आई, वडील, जोडीदार आणि जवळचा मित्र यांच्याबद्दल तेच प्रश्न वेगवेगळे विचारणारी प्रश्नावली केली. एकाच माणसाची उत्तरे चारही ठिकाणी सारखी येत नाहीत, संबंध असतो पण ढिला. बायकोपुढे गप्प, मित्रापुढे मोकळा. आईपुढे चिंतातुर, नवऱ्यापुढे निवांत. ‘तो अव्हॉइडंट आहे’ या वाक्याला म्हणूनच पुढचा प्रश्न हवा : कुणाच्या बाबतीत?

बडोद्यात राहणाऱ्याला या विषयात सयाजीराव आठवणारच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ बाराव्या वर्षी, १८७५ मध्ये, आईबापांपासून दूर येऊन महाराणी जमनाबाईंचा दत्तक मुलगा आणि संस्थानाचा धनी झाला. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी, लग्न झाले. १८८५ मध्ये त्या वारल्या. नंतरच्या आयुष्यात महाराजांना निद्रानाश होता, ते सतत परदेशी जात. यावरून कुणीही सहज लिहील : लहानपणी तुटले, म्हणून कुठेच टिकले नाहीत. पण त्याच माणसाने गेलेल्या पत्नीच्या नावाने न्यायमंदिर उभे केले, सहा दशकांचा कारभार एका धाग्याने केला. यावरून दुसरा तितक्याच सहज लिहील : मुळात घट्ट जोडलेला माणूस. त्यांची मुलगी इंदिराराजे यांनी १९११ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न स्वतः मोडले आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केले, यालाही दोन्ही गोष्टी चिकटवता येतात. मागे वळून सगळेच जुळवता येते, म्हणूनच पुढे चालत जाणाऱ्या अभ्यासांना किंमत आहे.

ते अभ्यास काय म्हणतात? बाळपणीची आणि मोठेपणीची सुरक्षितता यांतला संबंध बेताचा आहे. २००२ च्या एकत्रित विश्लेषणात तो ०.३९ च्या आसपास होता, नंतरच्या मोठ्या नमुन्यांत त्याहूनही कमी निघाला. जुळ्यांच्या अभ्यासात किशोरवयातल्या अनुबंधामागे आनुवंशिकतेचाही बराच वाटा दिसतो, त्यामुळे सगळे खापर आईवर फोडण्याची सोय उरत नाही. २०२१ मध्ये चार हजारांहून अधिक प्रौढांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. लग्न, काडीमोड, नोकरी जाणे अशा घटनांपैकी निम्म्यांनंतर माणसे हलली, पण बरीचशी काही महिन्यांत जुन्या जागी परतली. टिकाऊ बदल होतो, पण हळू आणि बहुधा सोबतीने. सिम्प्सन आणि ओव्हरऑल यांनी त्याची रीतही शोधली. टाळणाऱ्या जोडीदाराला ‘मनातलं बोल’ असा लकडा लावून उपयोग नसतो, हातातले काम निमूट वाटून घेतले तर तो सैल होतो. धास्तावलेल्याला कामाचे कौतुक नसते, त्याला ‘मी आहे’ हे ऐकावे लागते, आणि एकदा ऐकून भागत नाही. सू जॉन्सन यांनी १९८० च्या दशकापासून विकसित केलेली जोडप्यांची उपचारपद्धती याच धोरणावर उभी आहे.

२०१० मध्ये अमीर लेव्हिन आणि रेचल हेलर यांचे ‘अटॅच्ड’ हे पुस्तक आले आणि शब्द घरोघर गेले. त्याचा फायदा झालाच : आपली धास्ती म्हणजे वेड नव्हे, हे कित्येकांना पहिल्यांदा कळले. नुकसान एका जागी मोठे आहे. ‘तो अव्हॉइडंट आहे, त्याला वेळ द्यायला हवा’ हे वाक्य कधीकधी अशा नवऱ्याबद्दल बोलले जाते जो फोन तपासतो, माहेरी जाऊ देत नाही, हात उगारतो. ‘मी अँक्शस आहे म्हणून मला भीती वाटते’ असे ती म्हणते, आणि भीतीला समोर खरे कारण असते. ज्या अक्षांबद्दल हा सारा लेख आहे ते दोन माणसे कमीअधिक बरोबरीने वागत असताना मोजलेले आहेत, मार खाणाऱ्या बाईच्या मनःस्थितीचे नाव म्हणून ते वापरायचे नाहीत. बडोदा संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने आडकाठी केली आणि १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या कायद्याच्या चोवीस वर्षे आधी. आज गुजरातभर १८१ क्रमांकावर ‘अभयम’ हेल्पलाइन दिवसरात्र चालते, फोन केला की समुपदेशक महिला पोलिसासह गाडी घेऊन घरी येते. तिथे अटॅचमेंट स्टाइल विचारत नाहीत, पत्ता विचारतात.